पद्मिनीची पुढची काच: सिलिकॉन आधी नको

भाऊ, प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या काचेला आधी सिलिकॉन भरून मग काचेभोवतीचं रबर बसवू का, असं विचारलंय तुम्ही. नका. हात, डॅशबोर्ड सगळं माखतं, आणि पुढे काच काढायची वेळ आली तर रबर फाटतंच.

आधी पत्र्याची कड बघा. माझ्या गाडीत खालच्या दोन्ही कोपऱ्यांत गंजाचे पापुद्रे नखाने निघत होते. पेंटरने त्यावरच रंग मारलेला! घासून, प्रायमर-रंग देऊन पूर्ण वाळू दिलं, मगच पुढे.

रबर काचेवर चढवा, ताणू मात्र नका, नंतर आखडतं. रबराच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसते, तिच्यात नायलॉनची दोरी फिरवून टोकं गाडीच्या आत ठेवा. साबणाचं पाणी सढळ हाताने लावा. ग्रीस-ऑइलने रबर फुगतं. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची, की रबराची कड पत्र्यावर पलटते. काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) असेल तर कोपऱ्यावर ठोकू नका, तडकते.

आणि दिवस बघून काम काढा. आपल्या नागपुरात मे महिन्याच्या उन्हात रबर कणकेसारखं मऊ होतं. मी शहाण्याने डिसेंबरात पहाटे सुरुवात केली. दोन तास कुस्ती, शेवटी रबर गरम पाण्याच्या बादलीत बुडवलं तेव्हा बसलं.