शब्दचर्चा : गुणकारिता, परिणामकारकता आणि ‘लागू पडणे’

शाहूपुरी : रोटाव्हायरस (बाळांना जुलाब लावणारा विषाणू) लशीच्या दोन अहवालांत आकडे वेगळे, शब्द मात्र एकच, ‘परिणामकारकता’. चाचणीतली आणि गावातली एकच कशी?

गडहिंग्लज : एक नाहीच. चाचणीत मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटतात, डोस वेळेवर, शीतसाखळी, म्हणजे लस थंड ठेवायची सोय, २ ते ८ अंशांत. त्यातून निघते ती गुणकारिता. उशिरा आलेली, एखादा डोस चुकलेली बाळं धरून प्रत्यक्ष लसीकरणात दिसते ती परिणामकारकता. गणित साधं आहे : बिनलशीच्या १००० मुलांत ४० आजारी, लशीच्या १००० मुलांत १६, म्हणजे ४० पैकी २४ टळले, ६० टक्के.

कागल : म्हणजे शंभरातली ६० पोरं सुरक्षित?

गडहिंग्लज : नव्हे, आजाराचा धोका ६० टक्क्यांनी कमी. म्हणून एका बाळाबद्दल ‘लस लागू पडली’ म्हणता येत नाही. देवी काढल्यावर दंडावर फोड यायचा, तिथं लस धरली हे दिसायचं तरी.

शाहूपुरी : गावातली मोजायची कशी? मुद्दाम बिनलशीचं कुणाला ठेवणार?

इचलकरंजी : गरजच नाही. जुलाबानं दाखल झालेल्या बाळाची शौचाची तपासणी करा, नमुना दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत घ्या, नाहीतर रुग्णालयातच लागलेला संसर्ग मोजला जातो. समजा रोटाव्हायरस निघालेल्या १०० मुलांत लस घेतलेली ६०, न निघालेल्या, म्हणजे दुसऱ्याच कारणानं जुलाब झालेल्या १०० मुलांत ७५. ६०/४० ला ७५/२५ नं भागा : ०.५. म्हणजे धोका निम्मा, परिणामकारकता ५० टक्के. दोन्हीकडची वयं जुळली पाहिजेत, नाहीतर आकडा फसवा. घोळ होतो लसीकरणाच्या कार्डावर. उसाच्या फडावर आलेल्यांचं कार्ड बऱ्याचदा गावाकडंच राहतं. आईच्या आठवणीवर नोंद केली की चुका होतात आणि लस आहे त्याहून कमजोर दिसते.

कागल : आकडा कमी म्हणजे लस वाया?

इचलकरंजी : अजिबात नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतल्या चाचणीत रोटाव्हायरस लशीची गुणकारिता दक्षिण आफ्रिकेत ७६.९ टक्के होती, गरीब मलावीत ४९.४. पण टळलेले गंभीर जुलाब शंभर बाळांमागे वर्षाला मलावीत ६.७, दक्षिण आफ्रिकेत ४.२! जिथं आजारच जास्त, तिथं कमी टक्क्यांतही जास्त बाळं वाचतात. याला मी ‘टळलेले आजार’ असंच लिहितो, जड शब्द कशाला?

गडहिंग्लज : आणि ही लस ‘टोचली’ लिहू नका राव. ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात, ‘पाजली’ म्हणा.