फ्लॅटमध्ये स्वतःचा राउटर बसवताना काय नडलं? (अनुभव धागा)

जुनी_तार
माळा आवरताना टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम निघाला, सोबत ती फिल्टरची डबी. ती लावली नाही की फोन वाजला रे वाजला, नेट गुल! आता फायबर आलं, पण नडायचं थांबलं नाही. सुरुवात माझ्याकडून: केबलवाल्याचा ओएनटी (फायबर जिथं येते तो डबा) आणि आपला राउटर, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर लाइट सगळे हिरवे अन् नेट शून्य. ओएनटीची वायर राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट येतं ते भोक) घाला, आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. लिहा तुमचं.

लातूरकर
त्यापेक्षा ओएनटी ब्रिजवर टाकायला लावा (तो नुसतं नेट पुढं सोडेल), पीपीपीओई, म्हणजे ऑपरेटरचं लॉगिन, आपल्या राउटरवर. युजरनेम-पासवर्ड आधी वहीत लिहून घ्या, मगच रिसेटला हात लावा. पासवर्ड बरोबर असून लागेना, तर ऑपरेटरनं जुन्या डब्याचा मॅक (ओळख क्रमांक) बांधलेला असतो. तो आपल्या राउटरवर क्लोन करा, म्हणजे तोच नंबर टाका, नाहीतर फोन करून सोडवून घ्या.

सिडको_एन_सात
बेडरूममध्ये वायफायचं ५ गिगाहर्ट्झवालं नाव दिसतच नाही. मधे दोनच भिंती.

गोदाकाठ
मधे कूलर आहे का?

सिडको_एन_सात
आहे, पॅसेजमध्ये. कसं ओळखलं?

गोदाकाठ
मे महिना अन् मराठवाडा, अजून काय! पत्र्याची बॉडी सिग्नल परतवते, आतलं पाणी अन् ओली खस उरलेला शोषून घेते. फ्रिज, मोठा आरसा, लोखंडी कपाट, सगळ्यांची तीच गत. राउटर टीव्हीच्या मागून काढा, ६-७ फुटांवर मोकळ्या भिंतीला लावा. अँटेना उभे ठेवा. टोक ज्या दिशेला, तिकडं सिग्नल सगळ्यात कमी.

मोंढा_रोड
खस कुठं मिळाली? इकडं सगळे वूडवूलच द्यायलेत.

परभणीचा_पाहुणा
२.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चॅनेल १, ६ नाहीतर ११. बाकी चॅनेलला हात लावू नका. ३ वर बसलात की १ वाल्यालाही त्रास, ६ वाल्यालाही, अन् तुम्हाला दोघांचा. रुंदी २० मेगाहर्ट्झच. सोसायटीत वीस नावं दिसत असताना ४० ठेवणं म्हणजे रस्त्यात मांडव घालणं. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ ठेवा. ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. राउटरला रडारची चाहूल लागली की तो आपणहून चॅनेल सोडतो, तेवढा वेळ नेट गायब.

लातूरकर
परभणीत रडार? जगात जर्मनी...

परभणीचा_पाहुणा
पूर्ण करा की! विमानतळ संभाजीनगरला आहे, नियम सगळ्यांना.

घाईत_आहे
प्लॅन २०० एमबीपीएसचा, मिळायलेत ९४. कुकर लावलाय, थोडक्यात सांगा.

जुनी_तार
९४ म्हणजे १०० चा पोर्ट, किंवा आठपैकी चारच तारा लागल्यात. पोर्ट गिगाबिट असेल तर वायरची टोकं पुन्हा क्रिंप करा, म्हणजे तारा क्रमानं घालून दाबून बसवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. हिरव्याची जोडी ३ अन् ६ वर फुटलेली दिसते, ते बरोबरच आहे. 'नीट' करायला जाऊन शेजारी-शेजारी लावली की लाइट लागतो पण डेटा गळतो.

मोंढा_रोड
लाइट जाते तिथं १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. आधी ओएनटी अन् राउटर, दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा. एखादा राउटर ९ व्होल्टचा निघतो, त्याला १२ देऊ नका. पिनही बघा, ५.५ बाय २.१ मिमी की २.५. २.५ ची पिन २.१ च्या खिळ्यावर ढिली बसते, झाडू लागला की रिस्टार्ट. अन् इन्व्हर्टरच्या डोक्यावर राउटर नको. बहुतेकांच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, आपल्याकडं बंद फ्लॅट त्याच्या वर जातो.

गोदाकाठ
ओएनटीवरचा लॉसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाइट लाल असेल तर रिसेट दाबून उपयोग नाही, फायबर दुमडली किंवा तुटली. वळण वाटीच्या काठाएवढं तरी गोल ठेवा. टोकात डोळा घालू नका, लेसर दिसत नसला तरी असतो.

सिडको_एन_सात
कूलर हलवला. ५ दिसायलंय. आता हवा हॉलमध्ये येईना.

मोंढा_रोड
खसचं कोणीच सांगेना राव.