माय कॅन्सरच्या गोळ्या मधातच सोडते, काय करू?

पांढरकवड्याकडचा:
नमस्कार मंडळी. मायचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपूरले झालं. आता कॅपेसिटाबिन चालू हाये, ५०० ची. सकाळी तीन, रात्री तीन, १४ दिवस खायच्या अन् मंग ७ दिवस सुट्टी. डॉक्टरनं समजावून सांगतलं, मायनं मान हालवली. काल पेटीत सातबारा शोधत होतो तं लुगड्याखाली गोळ्यांच्या भरलेल्या पट्ट्या सापडल्या. विचारलं तं म्हनते, "खातो न बाप्पा, तू काऊन मांगं लागला?"

सध्या कापसाची वेचनी चालू हाये. नको म्हटलं तरी झाकटीतच वावरात जाते. बायको रागावते, मी रागावतो, काही फरक नाही. उरलेल्या गोळ्या सुट्टीच्या ७ दिवसांत देऊन कोटा पुरा करू का? अन् तिले पत्ता न लागू देता चुरून दुधात देल्ल्या तं चालते का?

वर्ध्याचा जुना फार्मासिस्ट:
भाऊ, दोन्हीला नाही. सुट्टीचे ७ दिवस शरीराला सावरायला असतात, त्यात गोळी घुसवायची नाही. चुकलेला डोस दुसऱ्या वेळी दुप्पट करूनही द्यायचा नाही. गोळी अख्खी गिळायची. चुरली तर भुकटी तुमच्याच हाताला, नाकाला लागते आणि हे औषध साधं नाही. घरात कोणाला दिवस गेले असतील तर तिनं गोळीला हातही लावू नये.

आता रागावणं थांबवा आणि दोन गोष्टी पाहा. पहिली, गोळ्या कोणत्या दिवशीच्या उरल्या? ही गोळी खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. माय कोऱ्या चहावर वावरात गेली तर सकाळची गोळी राहणारच. शिवाय मार्गशीर्ष चालू आहे. गुरुवार धरत असेल तर "जेवल्यावर घ्या" हे शब्द ती अक्षरशः पाळत असेल. साबुदाण्याची उसळ पोटभर खाल्ली तरी ते खाणंच आहे, हे तिला कोणीतरी सांगा.

दुसरी, तिचे तळहात-तळपाय उजेडात पाहा. या औषधानं ते लाल होतात, चुरचुरतात, सालं निघतात. वर बोंडाची टोकं. बोटं भेगाळलेली बाई "त्रास होते" म्हणणार नाही, गुपचूप गोळी बंद करेल. तसं असेल तर डॉक्टरांना कळवा, ते डोस कमी करतात किंवा थोडे दिवस थांबवतात. पण गोळ्या सुटल्या हेही सांगा. नाहीतर ती पूर्ण घेतेय असं धरून ते पुढचं ठरवतील.

हगवण लागली, नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जावं लागलं, तोंड आलं किंवा ताप १०० च्या वर गेला तर मात्र पुढची गोळी न देता त्याच दिवशी फोन करा. आणि आशाताईकडच्या रक्तवाढीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात फॉलिक अॅसिड असतं, त्यानं या औषधाचा त्रास वाढू शकतो.

वरोऱ्याची ताई:
मी हीच गोळी घेतली आहे. २१ दिवसांचं चक्र म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे मंगळवारी सुरू केली की दर वेळी मंगळवारीच सुरू होते. आमच्या घरी कॅलेंडरवर दोन आठवडे कुंकवाचे ठिपके, तिसरा आठवडा कोरा. मला अक्षरं लागत नाहीत, ठिपके लागतात. वावरात जाताना सकाळच्या तीन गोळ्या पट्टीतच कापून शिदोरीसोबत बांधायची आणि दहाच्या भाकरीनंतर घ्यायची. मग रात्रीचं जेवण नऊ-दहालाच, म्हणजे मधात अकरा-बारा तास राहतात. सुनेनं "घेतली का" विचारलं की डोकं फिरायचं. नातवानं विचारलं की हसत घ्यायची.

पांढरकवड्याकडचा:
दादा, हात पाह्यले. अंगठ्याजवळ चिरा पडल्या, टाचाही सोलल्या. वरतून म्हनते, "कापसानं झालं." गुरुवारचंही खरं निघालं. शेजारची काकू बोलली तिच्याशी, आमचं कोन ऐकते! उद्या सकाळीच नागपूरले फोन लावतो. तोवर हाताले खोबरेल चालते का? अन् वेचनी?

वर्ध्याचा जुना फार्मासिस्ट:
खोबरेल चालतं. डॉक्टरांना युरियाचं क्रीम विचारा, ते जास्त कामाचं. गरम पाण्यात हात नको. वेचणीला या हंगामात मजूर लावा, आणि ते तिला तुम्ही नका सांगू, त्या काकूंनाच सांगू द्या.