डिझाइन ज्याचं, बाजी त्याची?

रेखांकन (धागाकर्ता):
देशादेशांच्या स्पर्धेत डिझाइन ज्याच्या हाती, नफाही त्याच्याच हाती, असं माझं ठाम मत आहे. तैवानच्या एसर या संगणक कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी 1992 मध्येच हे आलेखात मांडलं होतं: संशोधन-डिझाइन आणि ब्रँड-सेवा या दोन टोकांना कमाई जास्त, मधल्या जुळणीत (सुटे भाग जोडून वस्तू तयार करण्यात) सर्वात कमी. तरीही बहुतेक सरकारं जुळणीच्या कारखान्यांवर सवलतींची खैरात करतात. तो पैसा डिझाइनच्या शिक्षणात आणि संशोधनात घाला.

लेथवाला:
साफ असहमत. कारखाना गेला की डिझाइनही मागोमाग जातं. विजेवरच्या गाड्यांत वापरतात त्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचं रसायन शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या चमूने अमेरिकेत टेक्सासमध्ये शोधलं, 1997 मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. आज त्या बॅटऱ्यांवर राज्य कोणाचं? चीनचं. बीवायडी या चिनी कंपनीची 2020 ची ब्लेड बॅटरी बघा. जवळपास मीटरभर लांब, चपटे सेल (बॅटरीचे सुटे घटक) थेट पॅकमध्ये, म्हणजे गाडीच्या पूर्ण बॅटरीत, शेजारी शेजारी बसवले, सेलचे गट बांधणारे मधले मॉड्यूल काढूनच टाकले. त्यामुळे त्याच जागेत जास्त ऊर्जा मावते.

रेखांकन:
अहो, पण मॉड्यूल काढून टाकणं हे डिझाइनच झालं की! माझाच मुद्दा पक्का केलात.

लेथवाला:
डिझाइनच आहे, पण ते कोणाला जमलं ते बघा. बीवायडी 1995 पासून बॅटऱ्या बनवतेय, मोटारींत उतरली 2003 मध्ये. सेल आणि गाडी दोन्ही एकाच घरात. सेल बाहेरून विकत घेणाऱ्याला त्याचा आकार असा मुळापासून बदलणं किती अवघड जातं, विचार करा. तुमच्या आलेखात जुळणी तळाला दिसते, कारण तो फक्त नफा मोजतो. कारागिराच्या हातात साठत जाणारं ज्ञान त्यात कुठेच येत नाही.

तिसरी बाजू:
मला 'देश विरुद्ध देश' ही मांडणीच पटत नाही. सर्वात प्रगत चिपवर अतिनील प्रकाशाने सूक्ष्म नक्षी उमटवणारं ईयूव्ही यंत्र फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. पण त्यातले आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेझर जर्मनीच्याच ट्रम्फचा, प्रकाशस्रोताचं तंत्र अमेरिकेतल्या सायमरचं. मग हा विजय कोणाच्या खात्यात मांडायचा?

लेथवाला:
खातं एकाचं नसेल, पण नाड्या आवळता येतात. अमेरिकेच्या दबावामुळे ते यंत्र चीनला विकता येत नाही. म्हणूनच जे जे घरात बनवता येईल ते बनवायला शिका, असं मी म्हणतो.

रेखांकन:
शिकाच. पण सवलत देताना अट घाला: जुळणीसोबत डिझाइनचा विभागही त्याच आवारात हवा.