अँजिओ नॉर्मल, तरी छातीत दुखतं, एचएस-सीआरपी ४.६ आलंय, डॉक्टरांना काय विचारू?

कोपरखैरणे_५४:
नमस्कार. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ठाणे स्टेशनचा पूल चढून ट्रान्स हार्बरच्या फलाटावर उतरेपर्यंत छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. गाडीत बसायला मिळालं तरी लगेच थांबत नाही, कधीकधी रबाळे मागे पडेपर्यंत कळ राहते. पाळी बंद झालीय, बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली, तर एकही ब्लॉक नाही. डॉक्टर म्हणाले, मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना, म्हणजे हृदयाच्या बारीक वाहिन्यांमुळे होणारं दुखणं, असावा. रक्तात एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी तपासणी, ४.६ आलं.
घरचे म्हणतात, अँजिओ नॉर्मल म्हणजे सुटलीस. दीर तर गॅसवरच अडून बसलेत. पण दुखतं ते मला दुखतं ना! या सुजेमुळे छातीत दुखतं की दुखण्यामुळे सूज? आणि हा आकडा दर महिन्याला बघायचा का?

कळवा_लॅब:
ताई, मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. औषधाचं डॉक्टरांना विचारा, आकड्याचं मी सांगतो.
आधी रिपोर्टवरचं एकक बघा. ४.६ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे ना? प्रतिडेसिलिटर असेल तर तो दहापट मोठा आकडा झाला, आणि मग गोष्टच वेगळी. प्रतिलिटरमध्ये १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर आम्ही हृदयाचा विचार बाजूला ठेवून विचारतो, ताप आला होता का?
कारण सीआरपी यकृतात बनते आणि शरीरात कुठेही सूज असली तरी वाढते. सूज हृदयाच्या बारीक वाहिन्यांत आहे की दाढेखाली, ते तिला सांगता येत नाही. रक्त दिलं त्या आठवड्यात सर्दी, दातदुखी, लघवीची जळजळ असं काही होतं का, आठवून बघा. सूज उतरली की रक्तातली सीआरपी साधारण १९ तासांत निम्मी होते. म्हणून पूर्ण बरं वाटत असताना, दोन आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये पुन्हा द्या. ‘एचएस’च सांगा, साध्या सीआरपीत खालचे आकडे नीट मोजले जात नाहीत. उपाशी यायची गरज नाही. दर महिन्याला मात्र पैसे घालवू नका.

नेरुळची_सुधा:
मला संधिवात आहे, र्‍हुमॅटॉइड, आणि हाच छातीचा आजारही. मलाही ‘मनाचं आहे’ असं ऐकवलं गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते.
अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतात त्या दिसतच नाहीत, आणि आपला घोटाळा नेमका तिथे असतो. पूल चढताना त्या पुरेशा उघडत नाहीत, किंवा आकसतात. सूज सतत राहिली की वाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, आणि वाहिनी सैल पडायला तेच लागतं. लंडनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये असे अँजिओ स्वच्छ असलेले रुग्ण तपासले, तेव्हा ज्यांचं दुखणं वारंवार आणि लांबणारं, त्यांची सीआरपी जास्त निघाली. म्हणून दोन्हींचा संबंध आहे. पण आधी कोण, नंतर कोण हे त्यातून ठरत नाही, आणि एकट्या सीआरपीवरून हा आजार आहे किंवा नाही असंही म्हणता येत नाही.
म्हणून डॉक्टरांना हे विचारा: कोरोनरी फ्लो रिझर्व्ह, म्हणजे गरज पडल्यावर हृदयाचा रक्तप्रवाह किती पट वाढतो ते, मोजता येईल का? वाहिनीत बारीक वायर घालून किंवा पेट (PET) स्कॅनवर करतात. ‘असावा’ हा शब्द मला सहन होत नव्हता. मोजल्यावर औषध नेमकं झालं. ग्लासगोच्या कॉरमिका चाचणीत २०१८ मध्ये हेच दिसलं, तपासून कारण ठरवून उपचार दिले की दुखणं कमी होतं.
सूज कमी करायचं औषध मागायची घाई नको. २०१७ च्या कँटॉस चाचणीत अशा इंजेक्शनचा फायदा दिसला खरा, पण ते सगळे हार्ट अटॅक येऊन गेलेले रुग्ण होते. आपल्या हातात बीपी, वजन, चालणं, हिरड्या. सांधे सकाळी आखडत असतील तर तेही सांगा.
आणि कृपा करून, बसल्या जागी दुखायला लागलं आणि थांबेना, किंवा घाम फुटला, तर ‘माझं नेहमीचंच’ म्हणू नका. सरळ कॅज्युअल्टी गाठा, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करू द्या.

कोपरखैरणे_५४:
दोघांचे मनापासून आभार. एकक प्रतिलिटरच आहे. सांधे ठीक आहेत, पण ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, ते कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाते, मग पुन्हा रक्त देते. सुधाताई, त्या वायरच्या तपासणीला अँजिओसारखंच मनगटातून घालतात का? आणि त्या दिवशी घरी सोडलं होतं का?

नेरुळची_सुधा:
हो, माझी मनगटातूनच केली. एक रात्र ठेवून घेतलं होतं. बीपीची गोळी सकाळी घ्यायची की नाही ते आधी विचारून ठेवा.