मदत हवी आहे: बफर भरण्याची अब्जात एक शक्यता कशी काढू?

तरंग: नेटवर्कमधला बफर (पॅकेटं रांगेत थांबतात ती जागा) भरून पॅकेट गळण्याची शक्यता काढायची आहे. साधं मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुने घेऊन मोजणं) रात्रभर चालवलं, उत्तर शून्य. मग इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग लावलं, म्हणजे दुर्मीळ घटना जास्त वेळा घडावी म्हणून आवक आणि सेवेच्या दरांची अदलाबदल केली. वेट्स (दर बदलल्याचा परिणाम भरून काढणारे गुणक) तपासलेत, बरोबर आहेत. तरी सीड (यादृच्छिक आकड्यांचा सुरुवातीचा अंक) बदललं की आकडा बदलतो. पटकन सांगा, सोमवारी द्यायचाय.

औदुंबर: रांगा किती? आवक पॉइसन (एकमेकांशी संबंध नसलेली, ठरावीक सरासरी दराची) आहे का? शक्यता दर पॅकेटमागे हवी की दर बिझी पिरियडमागे (रांग सुरू झाल्यापासून रिकामी होईपर्यंतचा काळ)?

विहंग: बफर दुप्पट करा. आमची गळती तेवढ्यानेच थांबली.

औदुंबर: विहंग, त्याला गळती मोजायची आहे. शिवाय मोठ्या बफरने डिले वाढतो तो वेगळाच.

मीनल_व: साध्या मॉन्टे कार्लोने १० टक्के सापेक्ष चूक गाठायला इथे साधारण १०० अब्ज नमुने लागतील. स्प्लिटिंग करा. मधले टप्पे ठरवायचे, टप्पा गाठणाऱ्या वाटेच्या (सिम्युलेशनच्या एका रनच्या) प्रती काढून पुढे चालवायच्या. दर बदलावेच लागत नाहीत. मी नेहमी हेच वापरते.

तरंग: एकामागोमाग दोन रांगा. आवक पॉइसन, सेवेचा वेळ एक्स्पोनेन्शियल. सगळं रिकामं होण्याआधी दोन्हींत मिळून ३० पॅकेटं साठण्याची शक्यता हवी.

औदुंबर: दोन रांगा! हे आधी सांगायला हवं होतं. सेवेचे दर जवळपास सारखे आहेत का?

तरंग: हो, सारखेच.

औदुंबर: मग तिथेच गोम आहे. एका रांगेला अदलाबदल उत्तम चालते. अनेक रांगांत सगळ्यात हळू सर्व्हरशी अदलाबदल ही पारेख-वालरँड यांची १९८९ची युक्ती. सेवेचे दर जवळजवळ असले की ती फसू शकते, हे ग्लासरमन आणि कू यांनी १९९५मध्ये दाखवलं. एखादीच वाट प्रचंड वेट घेऊन येते. बहुतेक रनमध्ये ती येतच नाही, म्हणून आकडा कमी दिसतो आणि चूकही छोटी भासते. दुसरी रांग रिकामी असताना वेगळे दर घ्या.

मीनल_व: म्हणूनच म्हणते, स्प्लिटिंग.

औदुंबर: टप्पे एकूण पॅकेटांवर ठरवणार ना? ती कुठल्या रांगेत आहेत यानेही पुढची शक्यता बदलते.

राजस: पण आवक पॉइसन कशावरून? इथरनेटची वाहतूक स्वसदृश (लहानमोठ्या कुठल्याही कालावधीत सारखीच चढउतारांची) असते हे १९९४मध्येच लेलँड आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय.

तरंग: मॉडेल दिलेलं आहे, बदलता येत नाही.

चिन्मयी: मर्यादा ३०च असेल तर नमुने कशाला? अवस्था (कुठल्या रांगेत किती पॅकेटं, याच्या शक्य जोड्या) फक्त ४९६. रेषीय समीकरणं सोडवा, अचूक आकडा लगेच मिळेल.

तरंग: पुढे पाच रांगा करायच्यात.

चिन्मयी: मर्यादा तीच असेल तर ३,२४,६३२ अवस्था. स्पार्स सॉल्व्हरला (बहुतेक सहगुणक शून्य असलेली समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला) जमेल.