केसांभोवती काळी किनार येतेय, न्यूकवाले जरा बघा ना

कच्चा_लिंबू:
मंडळी, रोटोमधून (माणसाची आकृती फ्रेमगणिक कापणं) आत्ता कुठे कॉम्पला (वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट बनवणं) सरकलोय, न्यूक या कॉम्पच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रीनस्क्रीनचा प्रॅक्टिस शॉट करतोय. नोड (एकेक काम करणारे डबे) असे: कीलाइट (हिरवं काढणारा कीयर), त्याखाली ग्रेड (रंग-उजेड बदलणारा), मग प्रीमल्ट (रंगाला अल्फाने गुणणारा), मग मर्ज (पुढचं चित्र मागच्यावर ठेवणारा). मुलीला समुद्राच्या प्लेटवर (मागच्या चित्रावर) बसवलं तर केसांभोवती कुणी काजळ फिरवल्यासारखं दिसतंय. अल्फा (कुठे किती अपारदर्शक ते सांगणारा चॅनल, ० ते १) बघितला, स्वच्छ आहे. इरोड (अल्फाची कड आत खाणारा नोड) मारला तर काळं गेलं पण बारीक केसही गेले, आता बाईने विग घातलाय असं वाटतं. दोन रात्री गेल्या यात.

नोड_गुंता:
प्रीमल्ट दोनदा होतोय रे. कीलाइटचा फायनल रिझल्ट आधीच अल्फाने गुणून बाहेर येतो, त्यावर तू परत गुणलंस. समज केसांच्या बटेचा रंग ०.८ आणि अल्फा ०.५, एकदा गुणलं की ०.४, दुसऱ्यांदा ०.२. मर्जचा ओव्हर म्हणजे ए + बी × (१ − अल्फा), ए पुढचं चित्र, बी मागचं, अल्फा एचा, म्हणजे मागची प्लेट ठरल्याप्रमाणे अर्धी झाकणार पण पुढून उजेड निम्माच येणार, तेच तुझं काजळ. अल्फा १ असेल तिथे कितीही वेळा गुण, फरक शून्य, म्हणून चेहरा बरा दिसतो आणि केसच बोंबलतात. प्रीमल्ट सिलेक्ट करून डी दाब (नोड बंद होतो) आणि बघ.

कच्चा_लिंबू:
गेली किनार!! पण आता समुद्र धुरकट झालाय, मी तर समुद्राला हातही लावला नाही. ग्रेडमध्ये ऑफसेट (प्रत्येक पिक्सलमध्ये मिळवायचा आकडा) ०.०२ आहे, त्याने होतंय का?

जुना_शेकवाला:
त्यानेच. अल्फा ० असलेल्या जागी आधी काळं होतं, आता ०.०२ झालं, आणि ओव्हर ते सरळ समुद्रात मिळवतो. ग्रेडमध्ये खाली अनप्रीमल्टचा (आधी अल्फाने भागून शेवटी परत गुणायचा) पर्याय आहे तिथे अल्फा निवड, किंवा कीलाइटमधून अनप्रीमल्टिप्लाइड काढ आणि ग्रेडनंतर एकच प्रीमल्ट ठेव. शेक या जुन्या कॉम्प सॉफ्टवेअरमध्ये यालाच एमडिव्ह (भागणं) आणि एममल्ट (गुणणं) म्हणायचो, अॅपलने २००९ मध्ये ते बंद केलं तरी ही चूक काही बंद झाली नाही 😄 आणि खरं सांगू का, कीयरकडून फक्त अल्फा घ्यावा, हिरवा स्पिल (पडद्याची अंगावर पडलेली हिरवी झाक) वेगळा काढावा, अल्फा कॉपी करून मग प्रीमल्ट. एका नोडवर सगळा संसार टाकला की असंच होतं.

पोहे_आणि_पिक्सल:
फ्यूजन या दुसऱ्या कॉम्प सॉफ्टवेअरमध्ये कलर करेक्टरला प्री-डिव्हाइड पोस्ट-मल्टिप्लाय असा टिकबॉक्स आहे, तोही लोक विसरतात, मी धरून.

कच्चा_लिंबू:
झालं एकदाचं, केस पण परत आले. इरोड डिलीट केला.

नोड_गुंता:
ग्रेन (चित्राचा दाणेदारपणा) मॅच केलास का?

कच्चा_लिंबू:
...उद्या.